अळंबीला मठाचं मीठ

“...मग मिठाची बरणी माझ्याकडे कधी येणार, बुवा?”

विश्वंभरनं हे विचारलं तेव्हा मी चुलीपाशी लसूण सोलत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. त्याच्या पुढ्यात टोपली होती आणि टोपलीत ताटाएवढाल्या पांढऱ्या छत्र्या. अळंबी. गायरानातल्या गवतातून नुकतीच काढून आणलेली, अजून दवानं ओली.

मठाचे सिदूबुवा माळ ओढत राहिले.

“तीन वर्षं झाली,” तो म्हणाला.

“हं.”

“तीन पावसाळे तुमच्या मागं मागं हिंडलो.”

“हिंडलास खरा.”

“मग?”

बुवांनी मांडीजवळची बरणी बोटभर स्वतःकडे ओढली.

“माझा हात पोचतोय अजून. राहू दे की इथंच.”

आता ही बरणी काय भानगड आहे ते सांगते. वीस वर्षं या मठात भाकरी थापतेय, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार!

आमच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात गवतात अळंबी उगवते. कुणालाही सापडली तरी टोपली आधी मठात यायची. बुवा एकेक छत्री उचलून बघायचे. खाण्यातली असली की बरणीतलं चिमूटभर खडेमीठ पळसाच्या पानात बांधून टोपलीत ठेवायचे. ते मीठ भाजीत पडलं की मगच भाजी ताटात. मीठ मिळालं नाही तर टोपली मठामागच्या खड्ड्यात. त्यावर वाद नाही, रुसवाफुगवा नाही. बुवांच्या आधी त्यांचे गुरूही हेच करायचे. अळंबी खाऊन गावात कुणी दगावलंय असं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि हा विश्वंभर. कराडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेला, खिशात भिंग, काखेत वही. गावात त्याला सगळे मास्तरच म्हणायचे. हुशार होता, त्याला मी नाही म्हणत नाही. पण आपण हुशार आहोत हे तो क्षणभर विसरायचा नाही, आणि मला त्याचा भारी राग यायचा.

त्यानं टोपलीतली सगळ्यात मोठी छत्री उचलली.

“बघा बुवा. गवतातली आहे. देठाच्या बुडाशी पिशवी नाही. देठावर बांगडी आहे, वरखाली सरकते. वर तपकिरी खवले. पोटातल्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र. वास चांगला. गेल्या वर्षी याच गायरानातून आणली होती, तेव्हा तुम्हीच मीठ दिलं होतं.”

“दिलं होतं.”

“तीच ही.”

“तीच?”

“सोळा आणे.”

बुवांनी छत्री हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. पाकळ्यांवरून बोट फिरवलं. देठाची बांगडी सरकवून बघितली. मग वास घेतला...

माझा सगळा लसूण सोलून झाला तरी ते बघतच होते.

“मला नाही ओळखता येत,” ते म्हणाले.

विश्वंभरच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. आनंद. लपवायचा प्रयत्न केला त्यानं, पण नाही जमलं.

“मोतीबिंदू वाढलाय तुमचा, बुवा. म्हणून तर म्हणतो...”

“ए शहाण्या!” मी ओरडले. “जीभ आवर जरा.”

“खोटं बोललो का, सगुणाबाई?”

“खरं बोलायची पण एक तऱ्हा असते.”

बुवा हसले. “बोलू दे गं. मोतीबिंदू आहेच की. पण विश्वंभर, ही चांगल्या डोळ्यांनाही ओळखायची नाही. अशी एक खायची असते आणि एक घात करणारी. नव्या नव्या असतात तेव्हा दोघी सारख्याच पांढऱ्या.”

“मला ओळखता येते.”

“बरं.”

“मी एकेक खूण वहीत लिहिलीय. चित्रं काढलीत.”

“बरं.”

मला राहवलं नाही. “मी काय म्हणते, भाजीत लसणाची पाकळी टाकून बघू का? माझी आई म्हणायची, विषारी असली की लसूण काळा पडतो.”

“लसणाला काय कळतंय!” दोघं एकदमच म्हणाले.

अख्ख्या सकाळीत त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर, आणि तेही माझ्याविरुद्ध. मी लसूण उचलला आणि पाट्याकडे गेले.

बुवा जरा वेळानं म्हणाले, “तुझ्या वहीत कोरं पान आहे का?”

“एकच राहिलंय. शेवटचं.”

“ते दे.”

विश्वंभरनं वही काखेत घट्ट धरली. “कशाला?”

“छत्री ठेवायला.”

तेव्हा त्याला कळलं. हे त्यानं पूर्वी पाहिलेलं होतं. देठ काढून टाकायचा, उघडलेली छत्री पोट खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर भांडं पालथं घालायचं. पाकळ्यांतून पिठासारखी बारीक पूड झडते. पूड कुठल्या रंगाची पडते ते बघायचं. पांढरट पडली तर मग बाकीच्या खुणा बघत बसायचं. हिरवी पडली तर टोपली खड्ड्यात.

“हे संशय असला की करायचं,” तो म्हणाला. “मला संशय नाही.”

“म्हणून तर तुझं पान मागितलं.”

त्यानं पान फाडलं. टरकन फाडलं, आवाज माझ्यापर्यंत आला. बुवांनी ते आपल्या काळ्या घोंगडीच्या कडेला ठेवलं आणि छत्री अशी मांडली की अर्धी पांढऱ्या पानावर आणि अर्धी काळ्या घोंगडीवर. पांढरी पूड पांढऱ्यावर दिसत नाही, म्हणून ही तजवीज. वरून माझी परात पालथी घातली. पीठ मळायला मला ताट घ्यावं लागलं, त्याचं कुणाला काही नाही.

“आता?” विश्वंभरनं विचारलं.

“बस.”

“किती वेळ?”

“ती सांगेपर्यंत.”

बसला बापडा. पण बसणं म्हणजे काय! या मांडीवरून त्या मांडीवर. वही उघड, वही मीट. भिंग पूस. उठून दाराशी जा, उताराच्या वाटेकडे बघ, परत ये. दहा वाजले, अकरा वाजले. बुवा जप करत बसले होते. मी आमटी उतरवली, भाकऱ्या केल्या.

तो पाचव्यांदा दाराशी गेला तेव्हा मला खटकलं.

“वाटेवर कोण यायचंय का रे तुझं?”

“नाही.”

“मग काय बघतोस सारखं?”

“काही नाही, सगुणाबाई. तुम्ही भाकरी बघा, करपेल.”

माझी भाकरी आजवर कधी करपलेली नाही. पण त्याचा आवाज बदलला होता, म्हणून निमूट तव्याकडे वळले.

तो बुवांसमोर येऊन बसला. बरणीकडे बघत बसला. मग अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “बुवा... समजा हिरवी निघालीच. तर खाणाऱ्याला कितपत त्रास होतो?”

बुवांची माळ थांबली नाही.

“धट्टाकट्टा गडी असला तर दोन दिवस ओकाऱ्या आणि जुलाब. आतडी पिळून निघतात, पण वाचतो.”

“आणि नाजूक माणूस असलं तर?”

“म्हातारं, लेकरू, पोटुशी बाई, यांचं काही सांगता येत नाही.”

विश्वंभर उठला. परातीपाशी गेला. बुवांनी उचल म्हटलं नव्हतं, तरी त्यानं परात उचलली. छत्री बाजूला केली.

मी हातातलं उलथनं घेऊन तशीच पुढं गेले.

पानावर हिरवं उमटलं होतं. फार गडद नाही, वाळलेल्या शेवाळासारखं. गोल, पाकळीपाकळीची रेघ सुटी दिसत होती. बघायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण अंगावर काटा आला माझ्या.

विश्वंभरचं तोंड पांढरंफटक पडलं.

“बुवा...”

“हं?”

“मी... येताना चार छत्र्या दिल्यात.”

माळ थांबली.

“कुणाला?”

“वैजंताला. हौसाआजींच्या सुनेला. आठवा महिना आहे तिला. गेले चार दिवस अळंबी-अळंबी करतेय, तिला डोहाळेच लागलेत. मला वाटलं...”

“आणि मीठ?”

मी त्याच्या दंडाला धरून हलवलं तेव्हा बोलला.

“मी म्हटलं, मठात पाठवायची गरज नाही. मी सांगतोय ना. घरचंच मीठ घाला म्हटलं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! वीस वर्षांत जे कुणी केलं नाही, ते या दीडशहाण्यानं करून ठेवलं होतं. तेही पोटुशा बाईला!

बुवा मोठ्यानं कधी बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत.

“पळ,” म्हणाले.

तो पळाला. वही तिथंच, चपला तिथंच. आणि मी? मी कशाला मागं राहतेय! पदर खोचला आणि निघाले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी गुडघ्यांना विचारलं कुणी?

हौसाआजींचं घर पठाराच्या उतारावर, अर्ध्या तासाची वाट. आम्ही ती किती वेळात उतरलो कोण जाणे. तो पुढं, मी मागं. वाटेत त्याला चिखलात घसरताना पाहिला, उठताना पाहिला. मी मागून त्याला शिव्या घालत होते आणि मधूनमधून देवाचं नाव घेत होते. वैजंताला मी, ती लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं तिचं. त्यानंतर पाच वर्षांनी हा दिवस आला होता. तिचा नवरा टेम्पो चालवतो, आठ-आठ दिवस घरी नसतो. घरात सासू-सुना दोघीच.

घर दिसलं. कौलांतून धूर निघत होता. म्हणजे चूल पेटलेली होती.

“बारा वाजून गेले,” विश्वंभर धापा टाकत म्हणाला. “जेवणं झाली असतील, सगुणाबाई.”

“तोंडातून वाईट काढू नको. पळ.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं भानही नव्हतं त्याला. मला राग होता, पण त्या क्षणाला माझंही काळीज हललं.

दाराशी पोचतो तर आत भांडण! वैजंताचा आवाज चढलेला.

“सकाळधरनं शिजून पडलीया ती! वासानं जीव चाललाय माझा. एक घास द्या की आत्याबाई, एकच!”

“न्हाई म्हंजे न्हाई.”

“मास्तरनं सांगितलंय नव्हं?”

“मास्तरनं मला पाळण्यात घातलंय का? त्यो काय सांगतुय त्ये ऐकायला?”

विश्वंभर आत घुसला. मी त्याच्या मागोमाग.

हौसाआजी चुलीपुढं पाटावर बसल्या होत्या. मातीचं मडकं मांडीशी ओढून घेतलेलं, वर झाकणी, आणि झाकणीवर आजींचा हात. वैजंता भिंतीला टेकून, पोटावर दोन्ही हात ठेवून, रडकुंडीला आलेली. ताटं मांडलेली. ताटांत भाकरी आणि लोणच्याची फोड, बाकी काही नाही.

आजींनी मान वर केली. चिखलानं माखलेला, अनवाणी मास्तर बघितला.

“आलास व्हय?” त्या म्हणाल्या. “किती वाट बघायची मानसानं! आन हिकडं मीठ.”

विश्वंभर तिथंच मटकन खाली बसला.

“खाल्लं नाही?” त्यानं विचारलं. “कुणीच नाही खाल्लं?”

“मिठाबिगर कसं खायाचं?”

“वैजूताईंनी पण नाही? चवीपुरतंही नाही?”

“चव घ्यायला चमचा तरी हाताला लागू द्यावा हिनं!” वैजंता फणकारली. “मडकंच कवटाळून बसलीया बया.”

मी उंबऱ्यावर टेकले आणि मला हसू यायला लागलं. हसू कसलं, रडूच ते. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. देवा रे देवा, सुटलो! त्या घटकेला मी हौसाआजींच्या पाया पडले असते, पण उठवेना.

“मी तर घरचं मीठ घाला म्हटलं होतं, आजी,” विश्वंभर म्हणाला.

“म्हनला हुतास. घरचं मीठ घरच्या भाजीला. आळंबीला मठाचं. म्या सून म्हनून आले तवापास्नं असंच हाय. शिजवून ठिवली, म्हनलं मीठ यील मागनं. तू इसरला असशील.”

“विसरलो नव्हतो, आजी.”

“मग?”

मी वाट बघत होते, आता हा काय सांगतो म्हणून. बुवांचं नाव सांगेल, पावसाचं सांगेल. हुशार माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

“माझी चूक झाली,” तो म्हणाला. “ती खायची नाही. विषारी आहे. मला ओळखता आली नाही, आणि येते म्हणून सांगितलं मी तुम्हाला.”

आजींनी मडकं आणखी स्वतःकडे ओढलं.

वैजंताचा हात पोटावर होता, तो तिनं तसाच घट्ट दाबून धरला. मग हळूहळू खाली बसली. सासूकडे बघितलं. सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसाहमशी रडायला लागली. सकाळपासून जिच्याशी भांडत होती तिच्याच खांद्यावर.

“रडू नगं गं,” आजी म्हणत होत्या. “काय झालंय का? काय बी झालं न्हाई. उगी.”

पण त्यांचाही आवाज कापत होता.

विश्वंभरनं मडकं उचललं. परसात जाऊन खोल खड्डा खणला, भाजी त्यात ओतली, मडकंही त्यातच फोडलं आणि माती लोटली. नवीन मडकं आणून देतो म्हणाला. आजी म्हणाल्या, “आनशील तवा दोन आन. जुनं एक आधीच गळतंय.” मग त्याला तांब्याभर ताक दिलं. मला पण दिलं. असं ताक मी जन्मात प्यायले नव्हते. घशाखाली उतरताना कळत होतं की जीव ठिकाणावर आलाय.

निघताना वैजंता म्हणाली, “मास्तर, माझ्या डोहाळ्याचं काय मग?”

“मठाचं मीठ बांधलेली आणतो,” तो म्हणाला. “तोवर नाही.”

परतीच्या चढावर तो पुढं, मी मागं. मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं जाताना वाटेवरच बोलून झालं होतं.

मठात पोचलो तेव्हा बुवा तिथंच बसले होते. जेवले नव्हते. माझ्याकडे बघितलं त्यांनी.

“खाल्लं नाही कुणी,” मी म्हणाले. “हौसाआजी मिठाची वाट बघत बसल्या होत्या.”

बुवांनी डोळे मिटले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांच्या पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळलं. वीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

विश्वंभर कोपऱ्यात गेला आणि आपली वळकटी बांधायला लागला.

“कुठं निघालास?” बुवांनी विचारलं.

“घरी. माझी लायकी नाही इथं राहायची.”

“भूक लागलीय का?”

त्यानं मान खाली घातली. “...लागलीय.”

“मग जेव की.”

जेवला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. वळकटी तशीच अर्धी बांधलेली पडून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मीच ती सोडून पांघरूण वाळत घातलं.

ते हिरवं उमटलेलं पान त्यानं वहीत ठेवलं. त्याच्यावर काही लिहिलं नाही. त्या दिवशी उरलेली टोपली त्यानंच मठामागच्या खड्ड्यात नेऊन पुरली, आणि बरणीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. टोपल्या येत राहिल्या, बुवा बघत राहिले, मीठ देत राहिले किंवा नाकारत राहिले. तो शेजारी बसायचा.

आठवड्याभरानं खालच्या आळीतले रामजीतात्या आले. मोठं प्रस्थ, गावात त्यांना कुणी नाही म्हणत नाही. स्वतः टोपली घेऊन आले होते, घाम पुसत.

“बुवा, लवकर बघा. जावई आलाय, पहिल्यांदाच आलाय पावसाळ्यात. त्याला अळंबीच खायचीय. बायकांनी मसाला वाटून ठेवलाय.”

टोपलीत ताटाएवढ्या छत्र्या. पांढऱ्या. बांगडी असलेल्या.

बुवांनी टोपलीकडे बघितलं नाही. “विश्वंभर,” म्हणाले, “तू बघ.”

त्यानं एक छत्री उचलली. उलटी केली. पाकळ्यांवरून बोट फिरवलं. बांगडी सरकवली. वास घेतला. ठेवली, दुसरी उचलली. मग तिसरी... भिंग काढलं, लावलं, परत खिशात घातलं. तात्यांची चुळबूळ चालू होती. मी आपली पोळपाटावर हात थांबवून बघत होते.

“तात्या,” तो म्हणाला, “मला सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“ओळखता येत नाही मला. तीन-चार तास थांबावं लागेल. एक छत्री कागदावर ठेवतो, पूड पडू दे.”

“चार तास? अरे, जावई ताटावर बसायला आलाय!”

“त्याला पिठलं घाला.”

“पिठलं!” तात्यांचा चेहरा लाल झाला. “मी जावयाला पिठलं घालू? तुला ठाऊक तरी आहे का मी कोण आहे ते?”

“ठाऊक आहे, तात्या.”

“गेल्या वर्षी याच अळंबीला मीठ मिळालं होतं!”

“मिळालं असेल. मला आज देता येत नाही.”

“तीन वर्षं कॉलेजात, तीन वर्षं इथं, आणि तुला एक साधी छत्री ओळखता येत नाही?”

विश्वंभरचे कान तापलेले मला दिसत होते. जुना विश्वंभर असता तर वही उघडून खुणांचा पाढा वाचला असता. यानं कोरा कागद घेतला, छत्रीचा देठ काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी न बोलता परात दिली.

तात्या बुवांकडे वळले. हात जोडले.

“बुवा, हा पोरगा काय बोलतोय बघा. आता तुम्हीच बघा आणि तुमच्या हातानं चिमूटभर मीठ द्या. माझी अब्रू जाते हो!”

बरणी बुवांच्या मांडीला लागून होती. नेहमीसारखीच. हात सरळही करावा लागला नसता.

बुवांनी बरणीकडे बघितलं. मग विश्वंभरकडे... तो परात पालथी घालत होता, त्याचं इकडे लक्ष नव्हतं.

“सगुणा,” बुवा म्हणाले, “ही बरणी उचल आणि तिकडं त्याच्याजवळ ठेव. माझा हात पोचत नाही आता.”